महिन्याभराची वाढलेली दाढी आणि आजोबांचा वस्तरा: आधी कात्री लावायची की थेट पातं?

रामबागकर

नमस्कार मंडळी,

पोळ्याला अजून नऊ दिवस आहेत, म्हणून वेळेत विचारून ठेवतो.

आमच्या घरी श्रावणात दाढी करत नाहीत. आजोबांनी पाळलं, वडिलांनी पाळलं, मीही पाळतो. इंदुरात राहणाऱ्यांना ठाऊक असेल की इथे श्रावण दोनदा येतो. हिंदी मंडळींचा सावन आपल्याआधी पंधरा दिवस लागतो आणि राखीला संपतो. आपला अमावास्येनंतर लागतो आणि पिठोरीला संपतो. त्यामुळे ऑफिसातले सगळे आता गुळगुळीत होऊन आलेत, आणि मी एकटा दाढीवाला. रोज कुणीतरी विचारतंच, "क्यों भिया, तुम्हारा सावन अभी चल रिया है?"

तर मुद्दा. आजोबांचा वस्तरा माझ्याकडे आहे. पाच सुती पातं (म्हणजे पाच अष्टमांश इंच रुंद), मानेवर जर्मनीतल्या सोलिंगनचा शिक्का, मुठी पिवळट सेल्युलॉइडच्या. गेलं दीड वर्ष मी त्यानेच दाढी करतो, दोन-तीन दिवसांआड. हात बसलाय आणि कापत नाही. पण मागच्या वर्षी श्रावण संपल्यावर हाच वस्तरा घेऊन बसलो आणि पातं दुसऱ्यांदा फिरवताच डोळ्यांत पाणी आलं. केस कापले जाईनात, ओढले जायला लागले. एक गाल अर्धा झाल्यावर थांबलो, तोंडाला रुमाल लावून कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलो आणि उरलेली तिथे करून घेतली.

आजोबा तर महिन्याची दाढी याच वस्तऱ्याने आरशासमोर उभं राहून काढायचे. लहानपणी मी ते रोखून बघायचो. कात्री घेतल्याचं आठवत नाही. मग माझं चुकतं कुठे? धार कमी पडते, हात चुकतो, की लांब दाढी आधी कापूनच घ्यावी लागते?

चकली

माझा अनुभव शून्य, पण धागा वाचणार. आमचे हे दाढी वाढवून बसलेत, त्यांना वाचून दाखवीन.

अर्धं_पातं

सरळ उत्तर: आधी ट्रिमर फिरवा. दोन मिनिटांचं काम. एक मिलिमीटर ठेवा, मग वस्तरा. महिन्याच्या दाढीवर थेट पातं म्हणजे गवत न कापता लॉन करायला जाणं. मी तर म्हणतो वस्तराही सोडा. सलूनवाले वापरतात ती अर्ध्या ब्लेडची मूठ घ्या. दर वेळी नवी धार मिळते, पट्टा नको, दगड नको.

लष्करकर

रामबागकर, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घराणं न्हाव्याचं. आजोबा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात धोकटी (न्हाव्याची पिशवी) घेऊन घरोघर जायचे. धोकटीत दोन वस्तरे, कात्री, नराणी (नखं काढायची), चिमटा, सिल्ली (धारेचा दगड), वाटी आणि तुरटीचा खडा. वडिलांनी तिथल्याच बाडा चौकाजवळ दुकानात चाळीस वर्षं काम केलं. मी नोकरीत गेलो, पण सुट्टीत दुकानात उभं राहून शिकलो.

आता सांगा, सुतक फिटताना दहाव्याला जे क्षौर व्हायचं, त्यात दहा दिवसांची दाढी आणि डोक्यावरचे पूर्ण वाढलेले केस असायचे. तेव्हा कुठे होतं मशीन? साबणसुद्धा नसायचा. नुसतं पाणी. आजोबा ओल्या बोटांनी डोकं आणि गाल चोळत राहायचे. समोरच्याला वाटायचं, झोपच लागणार. पाणी मुळापर्यंत जिरलं की मग वस्तरा, आणि एका ओळीत केसांची पट्टी खाली यायची. मी घाई केली की म्हणायचे, "अजून जिरलं नाही रे."

तुमची मागच्या वर्षीची गडबड बहुधा इथेच आहे. तीन दिवसांच्या खुंटांवर ब्रश फिरवला की फेस आपोआप कातडीपर्यंत पोचतो. सेंटिमीटरभर केसांवर तोच फेस वरच्या वर तरंगतो. बाहेरून पांढरं शुभ्र दिसतं आणि आत मुळं कोरडी. वस्तरा कापतो मुळाशी, शेंड्याशी नाही. कोरड्या मुळाशी तो अडला की केस ओढणारच.

असं करा:

अंघोळीनंतरच बसा. गरम पाण्याने पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं तोंडावर धरा, गार झाला की परत भिजवा. मग साबण आधी बोटांनी लावा, केसांच्या उलट दिशेने, शाम्पू चोळतात तसा. कातडी बोटांना लागली पाहिजे. त्यावर ब्रश, आणि नेहमीपेक्षा पाणी जास्त. दोन मिनिटं तसाच राहू द्या आणि वस्तरा हातात घेण्याआधी परत एकदा फेस करा.

हात छोटा ठेवा, बोटाच्या एका पेराएवढा. डाव्या हाताने कातडी वर ताणून धरा. कानाजवळून सुरुवात, कारण तिथली दाढी सगळ्यात नरम असते. दर दोन हातांनी पातं पुसा. पहिल्या फेरीत फक्त सुलट, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने. उलटा हात त्या दिवशी विसरा.

आणि कात्री? एवढ्या दाढीला गरज नाही. उलट लांब केस ओले झाले की कातडीवर झोपतात आणि कुठल्या दिशेने वाढलेत ते स्वच्छ दिसतं. गळ्यावरचे भोवरे मी असेच ओळखायला शिकलो.

अर्धं_पातं

लष्करकर, तुमच्या आजोबांच्या हाताला नमस्कार. पण तो हात सगळ्यांकडे नसतो. धागाकर्ता दीड वर्ष शिकलेला माणूस आहे, चाळीस वर्षांचा कारागीर नव्हे. लांब केसाला ताण बसला की दुखतं हे खरं आहे ना? मग केस आखूड केले तर ताण कमी. यात हार कसली?

सुरसागर

वडोदऱ्याहून नमस्कार. इथे गुजराती लोकांचा श्रावण आपल्याबरोबरच असतो, त्यामुळे आमच्याकडच्या न्हाव्याला एकदाच गर्दी. इंदूरच्या न्हाव्याला दोनदा. भाग्यवान!

कुणी पात्याच्या जातीबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितो. माझ्याकडे जुने अकरा वस्तरे आहेत आणि प्रत्येकाने दाढी करून पाहिली आहे.

पात्याची दोन्ही अंगं आतून किती खोलगट घासली आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. खूप खोलगट पातं कागदासारखं पातळ असतं. धारेवरून नखाने अगदी हलकेच आडवं टिचकावलं तर गुणगुणतं. रोजच्या दाढीला ते गोड, पण दाट आणि लांब दाढीत त्याची धार किंचित लवते आणि अडखळते. याउलट पाचरीसारखं भरीव पातं, इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जुने वस्तरे बरेचदा असे असतात, स्वतःच्या वजनाने दाढीतून उतरतं. सोलिंगनमध्ये दोन्ही जाती बनल्या. रामबागकर, तुमचं पातं उजेडात आडवं धरून धारेकडून बघा आणि सांगा.

कोनाचं बघा. पात्याची पाठ आणि गाल यांत साधारण दोन पाठींएवढी फट ठेवा, म्हणजे अंदाजे तीस अंश होतात. केस ओढले जायला लागले की माणूस नकळत पातं उभं करतो. पातं उभं झालं की ते कातडी खरवडतं.

आणि अर्धं_पातं यांना: ट्रिमरच्या मुद्द्यावर मी निम्मा तुमच्या बाजूचा. तीन-चार बोटं वाढली असेल तर कंगवा ठेवून कात्रीने उतरवावीच. पण दाढी दिवसाला साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर वाढते, महिन्याला सेंटिमीटरच्या आसपास. त्याला वस्तरा पुरतो. अडचण कार्ट्रिजवाल्या रेझरला आणि काही अंशी सेफ्टी रेझरला येते, कारण दोन पात्यांच्या मधे किंवा फटीत केस अडकून बसतात. वस्तऱ्याला फटच नाही! लांब दाढीसाठी हेच त्याचं सगळ्यात मोठं बळ. जिलेटच्या सेफ्टी रेझरला १९०४ साली पेटंट मिळालं, त्याच्या आधी माणसं महिन्या-महिन्याची दाढी याच उघड्या पात्याने काढत होती.

जुनी_इंदूर

धारेवरून आठवलं. कृपा करून कुणीही वस्तरा सायकलवर चाक लावून फिरणाऱ्या धारवाल्याला देऊ नका. मी दिला होता. वडिलांचा वस्तरा, त्यांच्या लग्नातला. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत चकचकीत करून हातात दिला. घरी येऊन बघतो तर धारेजवळ निळसर डाग. तेव्हा समजलं नाही. नंतर एका जाणत्या माणसाने सांगितलं की चाकावर पातं तापलं आणि पोलादाचं पाणी उतरलं. तेवढ्या भागात आता धार टिकत नाही. लावली तरी एका दाढीत बसते. त्या माणसाचा दोष नाही, तो विळ्या-सुऱ्यांचा कारागीर. पण मला फार लागलं. तो वस्तरा मी अजून कपाटात ठेवलाय.

सुरसागर

जुनी_इंदूर, वाचून वाईट वाटलं. डाग फक्त धारेच्या कडेला असेल तर आशा आहे. दगडावर हाताने, पाण्यात, सावकाश घासत तेवढा भाग झिजवून काढता येतो. पातं एखाद्या केसाने अरुंद होईल, पण जिवंत होईल. डाग किती आत गेलाय ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दगडाचं थोडक्यात: पातं पाठीसकट आडवं ठेवायचं, म्हणजे कोन आपोआप बरोबर येतो. वस्तऱ्याची पाठ जाड ठेवलेली असते ती त्यासाठीच. १००० नंबरने पाया, मग ४००० आणि ८०००, आणि शेवटचा हात १२००० वर. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. हे उलटं झालं तर पट्टा कापला जातो आणि धार जाते.

चकली

अवांतर: परदेशात म्हणे सात वस्तऱ्यांची पेटी मिळायची, प्रत्येकावर वाराचं नाव. आमच्याकडे सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार दाढी चालत नाही. म्हणजे तीन वस्तऱ्यांत भागलं! चार वस्तरे जावयाला देता येतील.

लष्करकर

चकलीताई, हा हिशेब वडिलांना सांगायला हवा होता. सोमवारी दुकान रिकामं आणि रविवारी उभं राहायला जागा नाही, याचं कारण हेच.

पण सात वस्तऱ्यांमागे समजूत अशी की वापरलेल्या धारेला विश्रांती द्यावी. आमच्याकडेही दोन वस्तरे आलटून पालटून चालायचे. बाकी दर गिऱ्हाइकाआधी पट्टा, ज्याला तिकडे चमोटा म्हणतात, आणि तो हाताशी नसेल तर सरळ तळहात. वडिलांच्या डाव्या तळव्याची कातडी त्यामुळे चामड्यासारखीच झाली होती. सुलट-उलट, सुलट-उलट, त्याचा एक चटचट आवाज यायचा. तो आवाज आला की गिऱ्हाईक आपोआप मान मागे टाकायचं.

अर्धं_पातं

तळहात आणि एकच वस्तरा सगळ्यांना, हे ऐकून मात्र काळजी वाटते. म्हणूनच मी ब्लेड बदलण्याच्या बाजूने आहे.

निरामय_डॉ

त्वचारोगाची डॉक्टर म्हणून थोडं लिहिते.

अर्धं_पातं यांचा मुद्दा अगदी रास्त आहे. पोलादी वस्तरा एका माणसाचाच असावा. हेपटायटिस बी आणि सी, एचआयव्ही रक्तातून पसरतात आणि दाढी करताना दिसणार नाही इतकं बारीक रक्त येऊ शकतं. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड फोडतात ते यासाठीच. तुमच्या समोर फोडायला सांगा, संकोच करू नका. तुरटीने रक्त थांबतं, पण तुरटी फिरवली म्हणून पातं निर्जंतुक होत नाही.

लांब दाढीनंतर सगळ्यात जास्त त्रास होतो तो केस आत वळण्याचा. कुरळ्या दाढीवाल्यांनी विशेष जपावं. कातडी फार ताणून आणि उलट्या हाताने अगदी गुळगुळीत केली की केस कातडीच्या खाली कापला जातो आणि वाढताना आतच शिरतो. मग गळ्यावर लाल पुटकुळ्या. पहिल्या दिवशी थोडी खरखर राहू द्या. महिनाभर झाकलेली कातडी नाजूक झालेली असते.

रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी आणि ज्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत अशा मधुमेहींनी उघडं पातं टाळावं.

सांजवात

डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

माझे वडील आजारपणात सात आठवडे अंथरुणावर होते. आयुष्यभर रोज सकाळी दाढी करणारा माणूस. आम्ही औषध, डबा, पाळ्या यांत इतके गुंतलो की दाढीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. एक दिवस मी उशी सारखी करत होते, तर त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. बोलता येत नव्हतं.

त्यांना रक्त पातळ करायची गोळी होती, म्हणून वस्तरा नाही आणि ब्लेडही नाही. मी आधी कोमट पाण्याने टॉवेल भिजवून बराच वेळ धरला. कंगव्यावर कात्रीने केस उतरवले, मग ट्रिमर सगळ्यात बारीक आकड्यावर. हनुवटीखाली बोटांनी कातडी वर धरावी लागली, कारण गाल आत गेले होते. अर्धा तास लागला. शेवटी त्यांचंच जुनं आफ्टरशेव्ह न लावता नुसतं माझ्या हाताला चोळून त्यांच्या नाकाजवळ धरलं. त्यांनी डोळे मिटले.

म्हणून मी अर्धं_पातं यांच्याही बाजूने आहे. समोर आजारी माणूस असेल तेव्हा कात्री आणि ट्रिमरच.

लष्करकर

ताई, तुम्ही जे केलंत तेच आमचं काम आहे. आजोबा आजाऱ्याच्या घरी जायचे तेव्हा पैसे घ्यायचे नाहीत.

कात्रीबद्दल मी माझं म्हणणं थोडं बदलतो. धडधाकट माणूस, सेंटिमीटरभर दाढी, स्वतःचा हात: थेट वस्तरा. आजारी माणूस किंवा त्याहून मोठी दाढी: आधी कात्री.

अर्धं_पातं

मान्य. आणि ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवा, ही माझी आधीची सूचना मी मागे घेतो. काल स्वतःवर करून पाहिलं. एक मिलिमीटरचे खुंट ताठ उभे राहतात आणि केसांची दिशा कळत नाही. चार-पाच मिलिमीटर ठेवले तर ओले होऊन झोपतात, लष्करकर म्हणाले तसेच.

जुनी_इंदूर

पट्ट्याचं कुणीतरी सांगा. इंदुरात मिळतो का? मी सियागंजच्या बाजारात विचारलं, तर दुकानदाराने कमरेचा पट्टा काढून दाखवला.

सुरसागर

कमरेचा पट्टासुद्धा चालतो, जर अख्ख्या चामड्याचा असेल, वर रंगाचा थर नसेल आणि मधे शिवण नसेल. रुंदी अडीच-तीन इंच हवी, मग पातं तिरकं न्यावं लागत नाही. एक टोक कडीला अडकवा आणि ताणून धरा. सैल पट्टा धार गोल करतो. दाढीआधी तीस ते पन्नास फेऱ्या पुरतात. मनगट न उचलता पातं पाठीवर वळवायचं.

दाट दाढी असेल तर एक गाल झाला की थांबा. पातं पूर्ण कोरडं करा, दहा-पंधरा फेऱ्या मारा, मग दुसरा गाल. ओलं पातं पट्ट्यावर नको. चामडं खराब होतं.

पावसाळ्यात वडोदऱ्याची हवा पोलादाला खाते. दाढी झाली की पातं कोरडं करून खोबरेलाचा बारीक हात फिरवतो आणि रात्रभर उघडं ठेवतो. चामड्याच्या बंद पाकिटात कधीच ठेवत नाही, तिथे ओल धरते.

रामबागकर

मंडळी, उशिरा आलो. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, आणि लष्करकरांचा तर आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, आजोबा दाढीआधी बराच वेळ न्हाणीघरात नुसतं तोंड चोळत बसायचे आणि आजी बाहेरून ओरडायची, की पाणी संपवणार आहात का. हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी लहान होतो, आरशासमोर आल्यावरचंच बघितलं.

अमावास्येला दाढी करत नाहीत, आणि प्रतिपदा नेमकी गुरुवारी आली. (चकलीताई, तुमचा हिशेब!) म्हणून आज शुक्रवारी, गणपती यायच्या दोन दिवस आधी मुहूर्त लागला.

सुरसागर, पातं उजेडात बघितलं. मध्यम खोलगट आहे, नखाला हलकासा आवाज देतं. पट्ट्यावर चाळीस फेऱ्या मारल्या. अंघोळ, पंचा दोनदा, मग बोटांनी साबण. तेव्हाच फरक समजला. वरून फेस आणि आत बोट घातलं तर हनुवटीखाली कोरडं ठक्क. तिथे परत पाणी, परत चोळलं. वीस मिनिटं नुसती यातच गेली.

पहिला हात उजव्या कानाजवळ. पातं खाली आलं आणि त्याच्यापुढे केसांचा एक पूर्ण गोळा फेसासकट गुंडाळत आला, काळा-पांढरा. खाली स्वच्छ गाल. ओढ अजिबात नाही. आवाज मात्र वेगळा आला. तीन दिवसांच्या दाढीला बारीक कुरकुर येते, आज जाड कापड फाडल्यासारखा आला. दर दोन हातांनी पातं पुसलं. तांब्यातल्या पाण्यात केसांचा थर साचला.

एक गाल झाल्यावर थांबून पट्टा मारला. सुरसागर, ही सूचना सोन्यासारखी निघाली. दुसरा गाल पहिल्यापेक्षा सोपा गेला. हनुवटीवर तीनदा फेस करावा लागला. नाकाखाली अर्ध्या पेराचे हात, नाक वर धरून. एक थेंब रक्त आलं, खालच्या ओठाच्या कोपऱ्यात, तुरटीने थांबलं.

दुसरी फेरी सुलटच केली. डॉक्टर, खरखर राहू दिली आहे.

आई येऊन बघून गेली आणि आजोबांच्या फोटोला हार घातला. वस्तरा पुसून, खोबरेल लावून देवघराच्या कट्ट्यावर उघडा ठेवलाय.

लष्करकर, एकच जागा राहिली. गळ्यावर उजवीकडे भोवरा आहे. महिन्याच्या दाढीमुळे तो पहिल्यांदाच नीट दिसला. केस कानाकडून कंठाकडे आडवे वाढतात. तिथे वरून खाली गेलो तर पातं अडतं. तिथे हात कसा घेऊ?

लष्करकर

आडवा. कानाकडून कंठाकडे, मान डावीकडे वळवून, आणि डाव्या हाताचा अंगठा कानाखाली ठेवून कातडी मागे ताणून. पण उद्या शनिवार. रविवारी करा.